बाळ मान धरेना, तेव्हा…
स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी : दुर्मीळ म्हणून दुर्लक्षित राहणारा आजार

बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते, पाचव्या-सहाव्यात पालथे पडते, आठ-नऊ महिन्यांचे झाले की आधाराशिवाय बसते आणि वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकते. हे वेळापत्रक घरातल्या आजीला पाठ असते आणि गरोदरपणात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेलेही असते. एखादे मूल महिना-दीड महिना मागे राहिले तर लगेच घाबरण्याचे कारण नसते. ‘याचा बापही उशिराच चालला होता’ असे म्हणत घरचे वाट पाहतात आणि बहुतेक वेळा त्यांचे खरेही ठरते.

काही बाळांच्या बाबतीत मात्र हे वाट पाहणे फार महागात पडते. बाळ हसते, आईला ओळखते, खुळखुळ्याच्या आवाजाकडे नजर वळवते. चेहरा टवटवीत असतो. पण उचलून घेतले की अंग सैल पडते, मान लटकते. पाठीवर झोपवले की दोन्ही पाय बेडकासारखे बाहेर फाकलेले राहतात. दूध ओढताना बाळ दमते, रडण्याचा आवाज क्षीण असतो. श्वास घेताना छाती आत जाते आणि पोट फुगते. जिभेकडे निरखून पाहिले तर तिच्यावर बारीक थरथर दिसते. कधी असेही होते, की चार महिन्यांचे असताना पाय झाडणारे बाळ सहाव्या महिन्यात पाय हलवेनासे होते. आलेली गोष्ट परत जाणे, ही या सगळ्यांतली सर्वांत मोठी धोक्याची खूण.

अशा बाळांपैकी काहींना असलेल्या आजाराचे नाव आहे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमधून स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी यात हळूहळू मरतात आणि त्यामुळे स्नायू वाळत जातात. हा जन्मजात, जनुकीय आजार आहे. तो मुडदूस नाही, कॅल्शियमची कमतरता नाही आणि नजर लागणेही नाही. टॉनिक, मालिश आणि अंगारे-धुपारे यांत गेलेले दोन-तीन महिने या आजारात भरून काढता येत नाहीत, कारण त्या काळात मेलेल्या चेतापेशी पुन्हा जिवंत होत नाहीत.

परभणीचा हिशेब

जगभरातील अभ्यासांनुसार साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला एसएमए असतो. आकडा लहान वाटतो. पण तो एका जिल्ह्याला लावून पाहिला तर चित्र बदलते. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार आहे. दर हजारी सोळा-सतरा असा जन्मदर धरला तर जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३० हजार बाळे जन्मतात. या हिशेबाने जिंतूर ते गंगाखेड आणि पाथरी ते पूर्णा या पट्ट्यात दरवर्षी सरासरी तीन बाळे हा आजार घेऊन जन्मत असावीत.

त्याहून लक्षात घेण्याजोगा आकडा वाहकांचा आहे. ज्याला स्वतःला आजार नाही, पण ज्याच्याकडे बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आहे, तो वाहक. साधारण ४० ते ६० माणसांमागे एक जण एसएमएचा वाहक असतो. पन्नासात एक धरला तरी परभणी जिल्ह्यात ३६ हजारांहून अधिक वाहक असणार. ते शेती करतात, दुकान चालवतात, शाळेत शिकवतात, कुस्तीही खेळतात. आपण वाहक आहोत याचा त्यांना पत्ताही नसतो, कारण वाहकाला कसलाही त्रास होत नाही. आजार दुर्मीळ आहे, पण त्याचे बीज मुळीच दुर्मीळ नाही.

मोटार चांगली, तार गेलेली

एसएमएमध्ये नेमके काय बिघडते, हे समजायला विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण पुरते. मोटार नवीकोरी आहे, घरात वीजही आहे. पण मधली तार जागोजागी जळाली असेल तर पाणी येत नाही. आणि बरेच दिवस बंद पडलेली मोटार नंतर गंजते. बाळाचा मेंदू उत्तम असतो, तो हालचालीचा आदेश देतो. स्नायूही जन्मतः कामाचे असतात. बिघाड असतो तो या दोहोंना जोडणाऱ्या, मज्जारज्जूतील चेतापेशींत. आदेश पोहोचत नाही म्हणून स्नायू वापरले जात नाहीत आणि वापरले जात नाहीत म्हणून वाळतात. हातापायांबरोबर गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायूही यात सापडतात. एसएमएच्या बाळांच्या जिवाला खरा धोका असतो तो इथे.

या आजाराचे वर्णन ऑस्ट्रियाचे डॉक्टर गुइडो वेर्डनिग यांनी १८९१ मध्ये आणि जर्मनीचे योहान हॉफमन यांनी १८९३ मध्ये केले. पुढची शंभर वर्षे डॉक्टर आजार ओळखू शकत होते, पण त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. १९९५ मध्ये पॅरिसमधील ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने पाचव्या गुणसूत्रावरचे ते जनुक शोधून काढले. त्याचे नाव एसएमएन-१. चेतापेशी जिवंत राहण्यासाठी जे प्रथिन लागते, ते तयार करण्याची कृती या जनुकात लिहिलेली असते. एसएमएच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये या जनुकाचा एक महत्त्वाचा तुकडा दोन्ही प्रतींमधून गळालेला असतो.

मग ही बाळे जन्मापर्यंत तरी कशी पोहोचतात? उत्तर शेजारीच आहे. माणसाच्या शरीरात या जनुकाचे एक जुळे भावंडही असते, एसएमएन-२. दोघांत फरक जवळजवळ नाही. पण एका अक्षराच्या बदलामुळे एसएमएन-२ मधली कृती वाचताना पेशी तिचा एक परिच्छेद गाळून टाकते. त्यामुळे त्यापासून बनणाऱ्या प्रथिनापैकी जेमतेम दहा टक्के पूर्ण आणि टिकाऊ असते. या भावंडाच्या प्रती कोणाकडे दोन, कोणाकडे तीन, कोणाकडे चार असतात. जितक्या प्रती जास्त, तितका आजार साधारणपणे सौम्य.

म्हणूनच एसएमएचे प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात लक्षणे सहा महिन्यांच्या आत दिसतात. उपचार नसतील तर ही बाळे कधीच बसू शकत नाहीत आणि बहुतेकांचा दुसऱ्या वाढदिवसाआधीच मृत्यू होतो किंवा त्यांना कायमचे श्वासयंत्र लागते. दुसऱ्या प्रकारात लक्षणे सहा ते अठरा महिन्यांत येतात. मूल बसते, पण स्वतःहून चालत नाही. तिसऱ्या प्रकारात मूल चालायला लागते आणि मग जिना चढताना, जमिनीवरून उठताना अडखळू लागते. चौथा प्रकार मोठेपणी येतो. दुर्दैवाने सर्वाधिक बाळे पहिल्या, म्हणजे सर्वांत तीव्र प्रकारातली असतात.

दोष कोणाचाच नाही

आजारी मूल जन्माला आले की पहिले बोट आईकडे दाखवले जाते. ग्रहणात काय केले, काय खाल्ले, माहेरी कोणाला असे होते का, अशी चौकशी सुरू होते. एसएमएमध्ये या प्रश्नांना काडीचाही अर्थ नाही. हा आजार होण्यासाठी बाळाला बिघडलेली एक प्रत आईकडून आणि एक प्रत वडिलांकडून मिळावी लागते. वाटा निम्मा-निम्मा असतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, बाळ नुसते वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. मुलगा असो की मुलगी, शक्यता सारखीच.

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे आणि काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही होते. त्याचा इथे काय परिणाम होतो, हे साध्या गणिताने पाहता येते. पन्नासात एक वाहक असेल तर नात्यात नसलेले दोघे वाहक असण्याची शक्यता अडीच हजारांत एक आणि त्यांच्या बाळाला आजार होण्याची दहा हजारांत एक. आता आते-मामे भावंडांचे लग्न घेऊ. मुलगा वाहक असेल, तर त्याच्या मामाच्या मुलीला त्याच आजी-आजोबांकडून तीच बिघडलेली प्रत आलेली असण्याची शक्यता आठात एक असते. म्हणजे बाळाचा धोका सुमारे सोळाशेत एक होतो, जवळपास सहापट. मामा-भाचीच्या लग्नात तो आणखी दुप्पट होतो.

हे गणित दोन्ही बाजूंनी वाचायला हवे. नात्यात लग्न केलेल्या बहुसंख्य जोडप्यांना निरोगी मुले होतात. त्यामुळे झालेल्या लग्नाबद्दल कोणाला अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. दुसरीकडे, ‘आमच्यात नात्यात लग्न नाही, मग आम्हाला कशाला तपासणी?’ हा दिलासाही खोटा आहे. एसएमएचे वाहक इतके आहेत, की नात्याबाहेरच्या लग्नातही दोन वाहक एकत्र येतात. इतर अनेक दुर्मीळ जनुकीय आजारांत मात्र वाहक फार थोडे असतात आणि तिथे नात्यातले लग्न धोका याहून कितीतरी अधिक वाढवते.

तीन औषधे, तीन वाटा

२०१६ पर्यंत एसएमएवर औषध नव्हते. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत नुसिनर्सेन या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते कमरेतून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात द्यावे लागते. सुरुवातीला चार मात्रा आणि नंतर दर चार महिन्यांनी एक, आयुष्यभर. हे औषध त्या जुळ्या भावंडाला, एसएमएन-२ ला, गाळलेला परिच्छेद वाचायला लावते.

मे २०१९ मध्ये आले झोलजेन्स्मा, म्हणजे जनुकोपचार. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एसएमएन-१ ची चांगली प्रत लादून ती एकदाच शिरेतून दिली जाते. अमेरिकेत त्याची किंमत २१ लाख डॉलर ठेवण्यात आली आणि जगातील सर्वांत महागडे औषध म्हणून ते गाजले. ऑगस्ट २०२० मध्ये रिसडिप्लाम आले. तेही एसएमएन-२ कडूनच काम करून घेते, पण ते तोंडाने घ्यायचे पातळ औषध आहे. रोज एकदा, घरीच. दवाखान्यापासून शंभर किलोमीटरवर राहणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक फार मोठा आहे.

तिन्ही औषधांची एक मर्यादा सारखी आहे. ती उरलेल्या चेतापेशी वाचवतात, गेलेल्या परत आणत नाहीत. जनुकोपचारात यकृतावर ताण येतो, म्हणून काही आठवडे स्टेरॉइड आणि नियमित रक्ततपासणी लागते. ज्या बाळाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध आधीच प्रतिपिंडे असतात, त्याला तो देता येत नाही.

महाराष्ट्राने पाहिलेले २०२१

हा आजार मराठी घराघरात पोहोचला तो २०२१ मध्ये, तीन बाळांमुळे. जानेवारीत नाशिकच्या एका चिमुकल्याला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झोलजेन्स्मा मिळाले, तेही विनामूल्य. औषध कंपनी जगभरातील अर्जांमधून सोडतीने काही मात्रा मोफत देत होती आणि त्या सोडतीत त्याचे नाव निघाले होते. मुलांचे जीव चिठ्ठी काढून ठरवावेत का, यावर तेव्हा जगभर वाद झाला.

फेब्रुवारीत मुंबईच्या एका पाच-सहा महिन्यांच्या मुलीची पाळी आली. तिच्या आई-वडिलांनी समाजमाध्यमांवरून आवाहन करून सुमारे १६ कोटी रुपये उभे केले. त्यावर आयात शुल्क आणि जीएसटीपोटी आणखी सहा कोटींच्या आसपास भरावे लागणार होते. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, केंद्राने कर माफ केले आणि २६ फेब्रुवारीला तिला इंजेक्शन मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने वैयक्तिक वापरासाठी आयात होणाऱ्या झोलजेन्स्मावरचा कर सरसकट काढला आणि एप्रिल २०२३ पासून केंद्राने दुर्मीळ आजारांच्या औषधांवरील आयात शुल्कही माफ केले. एका बाळासाठी उघडलेले दार नंतर सर्वांसाठी उघडे राहिले.

तिसरी गोष्ट पिंपरी-चिंचवडची. तिथल्या एका चिमुकलीसाठीही लोकांनी १६ कोटी जमवले, जूनमध्ये तिला इंजेक्शन मिळाले आणि १ ऑगस्टला श्वास घेण्यास त्रास होऊन ती गेली. ज्यांनी शंभर-दोनशे रुपये पाठवले होते, अशा हजारो अनोळखी लोकांना त्या दिवशी घरातले मूल गेल्यासारखे वाटले. औषध मिळाले म्हणजे सुटलो, हा समज त्या दिवशी तुटला. औषधानंतरही अशक्त छातीची काळजी, कफ काढणे, दूध श्वासनलिकेत जाऊ न देणे हे सगळे महिनोनमहिने चालूच राहते.

किंमत कशी उतरली

रिसडिप्लाम भारतात २०२१ मध्ये आले. रोश या स्विस कंपनीच्या ६० मिलिग्रॅमच्या एका बाटलीची छापील किंमत सुमारे सहा लाख रुपये होती. वीस किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या मुलाला रोज पाच मिलिग्रॅम लागते. म्हणजे बाटली बारा दिवसांत संपते आणि वर्षाला ३१ बाटल्या होतात. छापील किमतीने हा खर्च पावणेदोन कोटींच्या पुढे जातो. कंपनीच्या सवलत योजना धरल्या तरी तो शेतकरी, शिक्षक किंवा दुकानदार यांच्यापैकी कोणाच्याच आवाक्यातला नव्हता.

हैदराबादच्या नॅटको फार्माने हेच औषध स्वस्तात बनवायचे ठरवले, तेव्हा पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मार्च २०२५ मध्ये एका न्यायमूर्तींनी आणि ९ ऑक्टोबर २०२५ रोजी खंडपीठाने नॅटकोला रोखण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच महिन्यात हस्तक्षेप केला नाही. नॅटकोची बाटली १५ हजार ९०० रुपयांना बाजारात आली. त्याच ३१ बाटल्यांचा हिशेब आता वर्षाला पाच लाखांच्या आत येतो. दहा किलोच्या, दोन वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या निम्मे औषध लागते. खर्च अडीच लाखांच्या आसपास. सामान्य घरासाठी ही रक्कमही डोंगराएवढीच आहे. पण १६ कोटींसाठी देशाकडे हात पसरणे आणि वर्षाला अडीच-पाच लाखांची तजवीज करणे, यांत फरक आहे. दुसरी गोष्ट शासन, ट्रस्ट, गाव आणि नातेवाईक मिळून करू शकतात.

खरा उपचार वेळेचा

न्युर्चर नावाच्या अभ्यासात एसएमए असलेल्या २५ बाळांना लक्षणे दिसण्यापूर्वी, वयाच्या सहा आठवड्यांच्या आत नुसिनर्सेन सुरू केले गेले. सगळी बाळे जगली, सगळी बसली आणि २२ बाळे स्वतःच्या पायांवर चालू लागली. उपचारांविना यांतली बहुतेक बाळे कधीच चालली नसती. औषध तेच, बदलली ती फक्त ते देण्याची वेळ.

पण लक्षणेच नसलेले बाळ ओळखायचे कसे? जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबातून. तैवानमध्ये २०१४ पासून अशी चाचणी सुरू झाली आणि अमेरिकेने २०१८ मध्ये एसएमएचा समावेश नवजात चाचण्यांच्या शिफारस केलेल्या यादीत केला. भारतात प्रत्येक नवजात बाळाची अशी चाचणी करणारा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. त्यामुळे इथे आजार बहुतेक वेळा तेव्हाच सापडतो, जेव्हा कोणाच्या तरी लक्षात येते की बाळाची हालचाल कमी आहे. हे ‘कोणीतरी’ म्हणजे आई, आजी, आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा लस देणाऱ्या परिचारिका. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाच्या कितीतरी आधी बाळ यांच्या हातात येते.

परभणीतून वाट कशी काढायची

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात प्रथम महाराष्ट्रातूनच, पालघरहून, फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. या कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शाळांना एकदा भेट देतात. जन्मजात दोष आणि विकासातील विलंब शोधणे हे त्यांचे कामच आहे. पण बाळ चार महिन्यांचे असताना पथकाची पुढची भेट पाच महिन्यांवर असेल तर थांबू नये. थेट प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथून जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ गाठावेत.

डॉक्टरांना संशय आला तर निदानासाठी बाळाला लगेच मुंबईला न्यावे लागते असे नाही. थोडेसे रक्त जनुकीय प्रयोगशाळेत पाठवता येते. एमएलपीए नावाच्या चाचणीत एसएमएन-१ चा तुकडा गळाला आहे का आणि एसएमएन-२ च्या प्रती किती, हे दोन्ही कळते. स्नायूचा तुकडा काढण्याची जुनी तपासणी आता सहसा लागत नाही.

निदान पक्के झाल्यावर मात्र मोठ्या केंद्राशी नाव जोडणे आवश्यक आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार सुरुवातीला देशात आठ उत्कृष्टता केंद्रे ठरवण्यात आली. त्यांतले एक मुंबईचे केईएम रुग्णालय आणि दुसरे हैदराबादला निझाम इन्स्टिट्यूट व सीडीएफडी मिळून चालवतात. परभणीकरांसाठी योगायोग असा, की देवगिरी एक्स्प्रेस एका दिशेला मुंबईला जाते आणि दुसऱ्या दिशेला सिकंदराबादला. अंतर हैदराबादचे कमी आहे. या धोरणात एसएमए अत्यंत महागड्या उपचारांच्या तिसऱ्या गटात आहे. मे २०२२ पासून सर्व गटांतील रुग्णांसाठी उत्कृष्टता केंद्रामार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. हे पैसे पालकांच्या हाती येत नाहीत, केंद्रामार्फत उपचारावर खर्च होतात. औषध लाखोंचे आणि आयुष्यभराचे असताना ५० लाख किती वर्षे पुरणार, हा प्रश्न वर्षानुवर्षे पालकांना छळत होता. स्वस्त रिसडिप्लाममुळे तीच रक्कम आता कितीतरी वर्षे पुरू शकते.

क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया ही पालकांनीच उभी केलेली संस्था आहे. कोणता डॉक्टर, कोणते यंत्र, कोणता अर्ज, अशा प्रश्नांची उत्तरे त्या वाटेने आधी गेलेल्या माणसाकडून मिळणे ही नव्या कुटुंबासाठी मोठी मदत ठरते.

घरातली काळजी, शाळेतली जागा

औषधाइतकेच महत्त्व रोजच्या काळजीला आहे. फिजिओथेरपिस्टकडून सांधे आखडू नयेत यासाठीचे व्यायाम शिकून घ्यावेत. जोर लावून केलेल्या मालिशीने काही साधत नाही. दूध पाजताना बाळाला आडवे ठेवू नये. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण फुप्फुसात गेलेले दूध न्यूमोनिया घडवते. सर्दी-खोकला साधा समजू नये. अशा मुलाला कफ बाहेर टाकण्याइतके बळ नसते. कफ ओढण्याचे यंत्र, गरज असेल तर रात्री मास्कने श्वासाला आधार देणारे यंत्र, हे सगळे घरी वापरता येते आणि आई-वडील ते शिकतात. मूल वाढत जाते तसे पाठीच्या कण्याला बाक येतो, म्हणून हाडांच्या डॉक्टरांची नियमित भेट ठेवावी.

आणि शाळा. एसएमए बुद्धीला हात लावत नाही. या मुलांना गणित कळते, कविता पाठ होतात, बुद्धिबळ खेळता येते. त्यांना हवा असतो एक उतार, वर्गातली पहिल्या रांगेतली जागा आणि वही धरायला थोडी मदत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना शिक्षणाचा आणि सोयींचा हक्क दिला आहे. युडीआयडी कार्डासाठी अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळवावे. पुढच्या बऱ्याच सवलतींचे दार त्या कार्डाने उघडते. ‘हिला कशाला शाळेत घालता?’ असे म्हणणारे नातेवाईक आणि शेजारी या मुलांचे आजाराइतकेच नुकसान करतात.

पुढच्या बाळाआधी

ज्या घरात एसएमएचे एक मूल आहे किंवा अंग सैल पडून, न्यूमोनिया होऊन, निदानाविना एखादे तान्हे गेले आहे, तिथे पुढच्या गर्भधारणेआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. आई-वडिलांची वाहक चाचणी रक्तातून होते. ती बहुतेक वाहक पकडते, पण अगदी सगळे नाही. म्हणून अहवालाचा अर्थ तज्ज्ञाकडूनच समजून घ्यावा. दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून करता येते. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे आणि त्यावर पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. पण आनुवंशिक आजारासाठीची गर्भतपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याच्या चौकटीत होते. तिला घाबरण्याचे कारण नाही. पुढे काय करायचे, हा निर्णय मात्र त्या जोडप्याचाच, घरातल्या वडीलधाऱ्यांचा नव्हे.

वाहक असणे हा कलंक नाही. प्रत्येक माणसाच्या अंगात कुठल्या ना कुठल्या जनुकाची बिघडलेली प्रत असतेच. म्हणून आजारी मुलाच्या काका-मावशांनी, आत्या-मामांनीही स्वतःची चाचणी करून घेतली तर ते सोयरिकीला बाधा आणणारे नाही, पुढच्या पिढीला वाचवणारे आहे.

लगेच डॉक्टरांकडे जा, जर…
• बाळाने चार महिने पूर्ण होऊनही मान धरली नसेल.
• नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नसेल किंवा दीड वर्षाचे मूल चालत नसेल.
• बाळ पूर्वी करत असलेली हालचाल आता करत नसेल.
• श्वास घेताना छाती आत आणि पोट बाहेर जात असेल.
• रडणे क्षीण असेल, दूध ओढताना बाळ दमत असेल, वारंवार ठसका लागत असेल.
• घरात पूर्वी अशा लक्षणांनी एखादे बाळ दगावले असेल.